पाटा खाली, एक्सल वर

भाद्रपद जवळ आला की नागपूरच्या महालातल्या, मूर्तिकारांच्या चितार ओळीत उंचीचा हिशेब सुरू होतो. मूर्ती किती फुटांची, तिच्याखालचा पाट किती इंचांचा, ज्या गाडीवर ती चढणार त्या गाडीचा हौदा जमिनीपासून किती उंच, ही तीन मापं जुळवली की चौथं माप समोर येतं. ते असतं गल्लीवरून गेलेल्या विजेच्या तारेचं. मूर्ती ठरलेली असते आणि तार आपल्या हातात नसते. बांबूच्या टोकाला आडवी फळी बांधून तारा वर उचलणारी पोरं मंडळाच्या गाडीपुढे चालतात, ती याच चौथ्या मापापायी. कमी-जास्त करता येण्याजोगं एकच माप उरतं, ते हौद्याचं.

हौदा खाली हवा असं वाटणारे फक्त मंडळवाले नसतात. बडकस चौकापासून गांधी गेटापर्यंतच्या दुकानांसमोर दिवसभर पिकअप आणि छोटा हत्ती म्हणतात त्या लहान मालगाड्या उभ्या असतात. सिमेंटची गोणी, तेलाचे डबे, लोखंडी कपाट, जे काही हौद्यात चढतं ते माणसाच्या पाठीवरून चढतं. पिकअपचा हौदा साधारण अडीच-तीन फुटांवर असतो. तो चार-पाच इंच खाली आला तर दिवसाला शेकडो गोण्या चढवणाऱ्या हमालाच्या कमरेला त्याचा फरक कळतो. म्हणून मागून गाडी खाली घेण्याची मागणी नुसत्या शौकाची नाही. शौकीन गाडीवाले ती करतात, पण तिच्यामागे कष्टाचा हिशेबही आहे.

अडचण अशी की ही मागणी घेऊन गॅरेजात गेलं की बहुतेक वेळा सोपा उपाय मिळतो: पाट्यातली, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली, एक-दोन पानं काढा. गाडी लगेच बसते, दिसायलाही छान दिसते. मग तिच्यात माल भरला की एक्सल चासीसखालच्या रबरावर आदळायला लागतो, वळणावर गाडी झुलते आणि काही महिन्यांत मुख्य पाटा मोडतो. गाडीची उंची आणि गाडीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पानं काढून आपण जोर विकतो आणि उंची घेतो. जोर शाबूत ठेवून उंची कमी करण्याची रीत गाडीवानांना आणि बग्ग्या बनवणाऱ्यांना दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. तिचं कूळ शोधत गेलं तर वाट लंडनहून निघून नागपूरच्या कापसापाशी येते.

बंडीचा पेच

रेल्वे येण्याआधी वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेला जायचा, थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. बैलाच्या पाठीवर जेवढं मावेल तेवढाच माल. त्यापेक्षा जास्त माल न्यायचा तर चाक हवं, आणि चाक आलं की उंचीचा पेच आला.

आपली विदर्भातली बंडी नीट बघा. काळ्या मातीत रुतू नये म्हणून चाक मोठं. चाक मोठं म्हणून आख, म्हणजे एक्सल, उंच, कारण आख चाकाच्या मध्यावरच असणार. माल भरायचा साटा आखावर टेकलेला, म्हणून साटाही उंच. त्यात पाटा नाही, स्प्रिंग नाही. रस्त्यावरचा प्रत्येक धोंडा आखातून साट्याला आणि साट्यातून धुरकऱ्याच्या मणक्याला. माणसं न्यायला रेंगी असायची, ती हलकी आणि बुटकी, पण तिच्यात कापसाचे बोद भरता येत नसत. जास्त भार हवा तर उंच बंडी, बुटकी गाडी हवी तर कमी भार. आजच्या पिकअपचा पेच तोच आहे.

यातून सुटण्याच्या वाटा तीनच. चाक लहान करा. आख मधेच खाली वाकवा, म्हणजे चाकं मोठीच राहतात पण साटा दोन चाकांच्या मध्ये खाली उतरतो. किंवा साटा आखाच्या वर न ठेवता आखाला खालून टांगा. पुढच्या दोनशे वर्षांत गाडी खाली बसवण्याचे जेवढे प्रकार निघाले, ते बहुतेक या तीन वाटांचेच फाटे आहेत.

लंडनचा बग्गीवाला आणि नागपूरचा कापूस

चामड्याच्या पट्ट्यांवर डबा टांगायची रीत युरोपात जुनी. पोलादी पानं एकावर एक रचून केलेला पाटा सतराव्या-अठराव्या शतकात बग्ग्यांना लागू लागला. पण तेव्हाही पुढच्या आणि मागच्या आखाला जोडणारा लाकडाचा जाड तुळईसारखा दांडा डब्याखालून जायचा. तो होता तोवर डबा खाली येऊच शकत नव्हता.

हा दांडा काढून टाकायचं श्रेय लंडनच्या लॅम्बेथ भागातला बग्गी बनवणारा ओबाडाया इलियट याला दिलं जातं. १८०४ मध्ये त्यानं लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं. कमानीसारखे दोन पाटे तोंडाला तोंड लावून जोडायचे, खालचा आखावर, वरचा डब्याला. आता डबा सरळ पाट्यांवर बसला, तुळईची गरज उरली नाही, गाडी हलकी झाली आणि खालीही आली. पाटा मऊ करून नव्हे, भार वाहणाऱ्या भागांची मांडणी बदलून बग्गी खाली आणता येते, हे त्यानं दाखवून दिलं.

दुसरा माणूस, जॉन चॅपमन, आपल्या आणखी जवळचा. १८३४ मध्ये जोसेफ हॅन्सम यानं दोन चाकांच्या भाड्याच्या बग्गीचं पेटंट घेतलं. तिचा सगळा भर भारमध्य खाली आणण्यावर होता, वळणावर गाडी उलटू नये म्हणून. हॅन्समच्या या गाडीत सुधारणा करून ती रस्त्यावर खऱ्या अर्थानं चालती करणाऱ्यांत जॉन चॅपमन होता. लेसच्या यंत्रांच्या धंद्यातून आलेल्या या चॅपमननं पुढं १८४०च्या दशकात एक नवी योजना हाती घेतली. मुंबईहून दख्खनच्या आत रेल्वे न्यायची आणि वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत आणायचा, अशी ती योजना होती. त्यातून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे उभी राहिली. भारतातल्या कापसाच्या व्यापारावर त्यानं १८५१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की भारतातल्या कापसाची खरी अडचण वाहतुकीची आहे. १८५४ मध्ये तो वारला. त्याच वर्षी भोसल्यांचं नागपूरचं राज्य खालसा झालं.  १८६७ मध्ये चॅपमनच्या कंपनीची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि आणखी दहा वर्षांनी एम्प्रेस मिल सुरू झाली.

बग्गी खाली आणायचं काम करणारा माणूसच नागपूरच्या कापसाला रेल्वे देणाऱ्यांतला असावा, याचं मला फार मोल वाटतं. दोन्ही कामांच्या मुळाशी तोच प्रश्न आहे: जास्त भार, कमी त्रासात, सुरक्षितपणे कसा न्यायचा.

डबा आखाखाली

मोटार आली तेव्हा तिनं बग्गीचाच पाटा उचलला. मांडणी ठरलेली होती: चासीस वर, तिच्याखाली पाटा, पाट्याखाली एक्सल. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या अमेरिकन मोटर कार कंपनीनं १९०७ च्या सुमाराला ही मांडणी उलटी केली. फ्रेड टोन या अभियंत्यानं चासीस एक्सलच्या खाली टांगली. गाडी जमिनीलगत आली, आणि पोट रस्त्याला लागू नये म्हणून तिला चाळीस इंचांपर्यंतची मोठी चाकं दिली. बंडीच्या पेचातली तिसरी वाट, म्हणजे आखाला खालून टांगणं, इथं मोटारीत उतरली. १९१४ मध्ये ती कंपनी बंद पडली, पण तिची युक्ती टिकली.

आपल्याकडे ती युक्ती जीपमधून आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे पाटे पुढं-मागं दोन्हीकडे एक्सलच्या खाली बसवलेले होते. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्रांनी विलिस जीप भारतात जोडायला सुरुवात केली, आणि पाट्यांची ही रचना पुढं कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर राहिली. विदर्भातली काळी-पिवळी जीप ज्यांनी पाहिली आहे, तिच्या पायरीवर उभं राहून गावी गेले आहेत, त्यांना या रचनेची ताकद सांगावी लागत नाही. जीप चढायला सोपी होती आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली तरी ती चालायची. अर्थात तेवढी माणसं कोंबणं धोक्याचंच होतं.

ट्रक आणि पिकअप मात्र बहुतेक जुन्या मांडणीतच राहिले, पाटा एक्सलच्या वर. टाटांची ४०७ गाडी १९८६ मध्ये आली, छोटा हत्ती २००५ मध्ये आला, आणि महालासारख्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत माल पोहोचवायचं काम हातगाड्यांकडून हळूहळू या छोट्या गाड्यांकडे गेलं. छोटा हत्ती आला तेव्हा त्याची ठरलेली मालक्षमता पाऊण टन होती. गल्लीत मावणारी गाडी मिळाली, आणि हौद्याच्या उंचीचा प्रश्न पुन्हा दारात आला.

पाट्याच्या आत

रीत समजून घ्यायची तर एकदा पाटा सोडवलेला बघायला हवा. मिस्त्री जॅक लावून चासीस उचलतो आणि यू-बोल्ट सोडतो. पानांचा गठ्ठा खाली येतो. मधला सेंटर बोल्ट काढला की पानं एकेक करून सुटी होतात: सर्वांत लांब मुख्य पाटा, दोन्ही टोकांना डोळे वळवलेला, त्याखाली क्रमानं आखूड होत गेलेली पानं. काही गाड्यांत वरच्या बाजूला वेगळा हेल्पर पाटा असतो. रिकाम्या गाडीत तो मोकळाच असतो. भार पडल्यावर टेकतो आणि मदतीला येतो. पानांच्या पाठीवर घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसतात. पुस्तक मोकळं धरून वाकवलं तर पानं एकमेकांवरून सरकतात आणि ते सहज वाकतं. तीच पानं चिकटवून टाकली तर ती फळीसारखी ताठ होतात. पाट्याचं तसंच आहे. एकाच जाड पट्टीपेक्षा अनेक पातळ पानं जास्त वाकतात आणि तरी तुटत नाहीत.

पाट्याचा ताठपणा चार गोष्टींवर ठरतो. पानांची संख्या आणि रुंदी वाढली तर त्याच प्रमाणात तो वाढतो. जाडी दुप्पट केली तर आठपट वाढतो. लांबी दुप्पट केली तर आठपटीनं कमी होतो. म्हणजे सारख्या जाडीच्या पाच पानांतलं एक काढलं की जोराचा पाचवा भाग गेला. उरलेल्या चार पानांवर तेवढ्याच भाराचा ताण आधीपेक्षा सव्वापट येतो.

दुसरी पळवाट आहे पाट्याची कमान उतरवायची. गॅसची ज्योत लावून पाटा मधेच तापवायचा आणि ठोकून सपाट करायचा. हे पानं काढण्यापेक्षाही वाईट. पाट्याचं पोलाद कारखान्यात साधारण नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि मग साडेचारशे-पाचशे अंशांवर पुन्हा शेकतात. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात ते हेच. ज्योत जिथं लागली तिथलं पाणी उतरतं. पाटा बाहेरून तसाच दिसतो, पण भाराखाली नेमका तिथंच मोडतो.

जोर न घालवता

मग बरोबर रीत कोणती? पाट्याला हात लावायचा नाही. पाट्याभोवतीच्या गोष्टी हलवायच्या.

इंच-दोन इंच हवे असतील तर पाट्याची टोकं जिथं चासीसला लागतात ते हँगर आणि शॅकल बदलून ती टोकं थोडी वर घ्यायची. पाटा तसाच, भार तसाच, चासीस खाली. चार-पाच इंच हवे असतील तर एक्सल उलट बाजूला न्यायचा: पाटा एक्सलच्या वर असतो, तो एक्सलच्या खाली बसवायचा. असं केलं की चासीस जेवढी खाली येते ते अंतर एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्याच्या गठ्ठ्याची जाडी यांच्या बेरजेइतकं असतं. नळी तीन इंचांची आणि गठ्ठा दोन इंचांचा असेल तर पाच इंच. पाट्याचं एक पानही बदललेलं नसतं, म्हणून पाट्याचा जोर पूर्ण शाबूत. अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांत ही रीत फार चालते. पण तिचं मूळ इंडियानापोलिसच्या त्या टांगलेल्या चासीसमध्ये आहे, जीपमध्ये आहे, आणि त्याही मागं बंडीच्या पेचातल्या तिसऱ्या वाटेत आहे.

मात्र पाट्याचा जोर शाबूत म्हणजे गाडीचा जोर शाबूत, असं आपोआप होत नाही. इथं चार गोष्टी नीट सांभाळाव्या लागतात, आणि चांगला मिस्त्री ओळखायचा तो यावरूनच.

पहिली गोष्ट यू-बोल्टची. पाटा वर असताना भार पाट्यातून सरळ एक्सलवर टेकतो, यू-बोल्ट फक्त दोघांना घट्ट धरून ठेवतात. पाटा खाली गेला की तो एक्सलला लोंबकळतो. आता सगळा भार यू-बोल्टच पेलतात. जुने यू-बोल्ट पुन्हा लावणं म्हणजे सगळी गाडी त्यांच्या आट्यांवर टांगणं. नवे, जाड, योग्य दर्जाचे बोल्ट हवेत, आणि थोडे दिवस माल वाहून झाल्यावर ते पुन्हा आवळायला हवेत. जड ट्रक बनवणारे पाटा एक्सलच्या वर ठेवणं पसंत करतात, त्याचं एक कारण हेच.

दुसरी गोष्ट जागेची. एक्सल चासीसच्या चार-पाच इंच जवळ आला, म्हणजे भार पडल्यावर वर जायला त्याला तेवढी जागा कमी. ती जागा चासीसमध्येच करावी लागते: एक्सलच्या वरच्या भागात चासीसचा खालचा कोपरा अर्धगोल कापून, त्याभोवती जाड पत्र्याची मजबुती देऊन. नुसतं कापून सोडलं तर तिथंच चासीस वाकते.

तिसरी गोष्ट एक्सलच्या बैठकांची. पाटा खाली न्यायचा तर नळीच्या खालच्या बाजूला नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. पिनियनचा कोन पूर्वीइतकाच राहिला पाहिजे, नाहीतर प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट थरथरत लवकर झिजतात.

चौथी गोष्ट ब्रेकची, आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. बऱ्याच पिकअपमध्ये चासीस आणि एक्सल यांच्यामध्ये एक दांडी असते. तिच्या टोकाला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली की चासीस एक्सलजवळ येते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी कायमची खाली घेतली की रिकामी गाडीही त्याला भरलेली वाटते. पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं जागीच थिजतात आणि गाडी आडवी फिरते. दांडी नव्या उंचीला जुळवली नाही तर बाकी सगळं चोख काम वाया जातं.

आणि एवढं सगळं करूनही गाडीचा जोर वाढत नाही, फक्त टिकतो. गाडीच्या पाटीवर जे वजन लिहिलेलं असतं ते पाटा, एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासीस या सगळ्यांतल्या सर्वांत दुबळ्या कडीचं वजन असतं. मदतीला हवेच्या गाद्या बसवल्या तर मागचा भाग दबत नाही, पण टायर आणि बेअरिंग तेच राहतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की नोंदणीच्या पुस्तकातली माहिती उत्पादकानं ठरवलेल्या मापांशी जुळेनाशी होईल असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. म्हणून चासीस कापायची वेळ आली तर आधी परिवहन कार्यालयात विचारावं, मग कटर हातात घ्यावा.

कुळाच्या बाकीच्या फांद्या

बंडीच्या पेचातल्या बाकी दोन वाटाही फळल्या. चाक लहान करायची वाट जपानी छोट्या मालगाड्यांनी धरली. मागची चाकं लहान करून ती दुहेरी लावली की हौदा खाली येतो आणि भार चार टायरांवर वाटला जातो. आख वाकवायची वाट दूध वाटणाऱ्या घोडागाड्यांतून पुढं आली. चासीस मधेच खाली उतरवायची कल्पना त्याच जातीची. कोळसा खाणींची यंत्रं आणि पोकलेन वाहणाऱ्या लो-बेड ट्रेलरमध्ये ती दिसते, बहुचाकी, जमिनीलगत. शहर बसचा जमिनीलगतचा तळ आणि थांब्यावर एका बाजूला झुकणारं हवेचं सस्पेन्शन ही या सगळ्यांत धाकटी फांदी.

या सगळ्या फांद्यांत एक सवय सारखी आहे. कोणीही भार उचलणाऱ्या पाट्याला दुबळं केलं नाही. प्रत्येकानं भार कुठून कुठं जातो ते आधी पाहिलं, आणि मग त्याच्या वाटेतलं एखादं वळण बदललं. इलियटनं तुळई काढली, टोननं चासीस टांगली, जपान्यांनी चाकं लहान केली.

महालातल्या मिस्त्रीला, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलालाही, ही कुळकथा ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं. गाडी खाली घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर पाना उचलण्याआधी त्यानं एक टेप घ्यावा. रिकाम्या गाडीत एक्सलपासून रबरापर्यंत किती अंतर आहे ते मोजावं. मग गाडी पूर्ण भरून तेच अंतर पुन्हा मोजावं. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ती गाडी रोज भाराखाली किती बसते त्याचं माप. गाडी खाली घेतल्यावर रिकाम्या गाडीत एक्सल आणि रबर यांच्यात निदान तेवढं अंतर उरायलाच हवं, आणि खड्ड्यांसाठी त्याहून थोडं जास्त. तेवढं उरत असेल तर काम हाती घ्यावं. उरत नसेल तर गिऱ्हाइकाला चासीसमध्ये जागा करण्याचा खर्च आणि कायदा दोन्ही सांगावेत. तेही जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं. पाट्याची पानं काढायला मात्र कोणीही कितीही पैसे दिले तरी तयार होऊ नये.